वरच्या मजल्याचा ताबा

श्रीधरराव गेल्याचा फोन आला तेव्हा तुंगाबाईंनी आधी कॅलेंडर पाहिलं. सख्खा भाऊ गेला म्हटल्यावर एखादी बाई डोळ्यांना पदर लावते. या बाईंनी चष्मा लावला. जानेवारीची एकवीस तारीख होती, मंगळवार. देवनहळ्ळीच्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, मुलाच्या फ्लॅटात त्या राहत. तिथे फ्रिजशेजारी लटकवलेल्या बँकेच्या कॅलेंडरवर बोट ठेवून त्या एकेक दिवस ओलांडत गेल्या. फेब्रुवारी संपला, मार्च संपला, आणि एप्रिलच्या एकवीस तारखेवर बोट थांबलं. नव्वद दिवस. मग कुठे त्यांनी मुलाला हाक मारली. "अभिराज, अण्णा गेला रे. मला जयनगरला सोड."

गाडीत त्या रडल्या, पण भावासाठी नव्हे. रागाने रडल्या. गेली चार वर्षं त्यांनी देवाकडे एकच मागणं मागितलं होतं. श्रीधर जिवंत असावा, शुद्धीवर असावा, खालच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेला असावा, आणि आपण कोर्टाचा हुकूम हातात घेऊन त्याच्या डोळ्यांदेखत जिना चढून वर जावं. दोन वर्षांपूर्वी त्याला हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनी बसवनगुडीच्या गणपतीला अभिषेक केला होता, भावाला आयुष्य मिळावं म्हणून. पुजाऱ्याला केवढं कौतुक! बहिणीची अशी माया हल्ली बघायला मिळत नाही, म्हणाला. तुंगाबाईंनी प्रसाद घेतला आणि मान हलवली. आणि आता हा मनुष्य सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन निघून गेला.

हे मुळापासून सांगायला हवं, नाहीतर बाई उगाच दुष्ट वाटतील. दुष्ट होत्या, पण उगाच नव्हत्या.

जयनगरचं ते दुमजली घर त्यांच्या वडिलांनी, नरसिंहरावांनी बांधलेलं. घराणं चारशे वर्षांपूर्वी पुण्याकडून घोड्यावर बसून आलेलं. घोडे कधीच गेले. मराठी तेवढी घरात राहिली, तीही कन्नडची फोडणी दिलेली. तुंगाबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. नवरा अकाली गेला तेव्हा दहा वर्षांच्या अभिराजला घेऊन त्या माहेरी वरच्या मजल्यावर आल्या आणि अकरा वर्षं तिथे राहिल्या. त्यातली शेवटची चार वर्षं वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांचं हगणं-मुतणं, औषधं, कुशीवर वळवणं, सगळं यांनी ड्यूटी सांभाळून केलं. श्रीधरराव खाली राहायचे आणि सकाळी जिन्याखाली उभं राहून विचारायचे, "बाबा बरे आहेत ना?" वर येत नसत, गुडघे दुखतात म्हणत. हेच गुडघे रोज पहाटे लालबागेत चार फेऱ्या मारून यायचे.

वडील गेले. मृत्युपत्र नव्हतं. तेराव्याला श्रीधररावांनी सगळ्या गोतावळ्यासमोर घराण्याची चाल सांगितली. घरातला कर्ता पुरुष गेला की वर्षाच्या आत त्याच्या मुलांनी शपथ घ्यायची नाही, नव्या कागदावर सही करायची नाही, कोर्टकचेरीची पायरी चढायची नाही. गेलेल्याचा जीव वर्षभर घराभोवती असतो. मागच्यांनी खरंखोटं करायला घेतलं की तो अडकून पडतो. चाल खरी होती. आजोबांच्या वेळीही पाळलेली होती. तुंगाबाईंनी ती इमानाने पाळली, आणि त्या पाळत असताना श्रीधररावांनी पालिकेत जाऊन शपथपत्र केलं की नरसिंहरावांना आपण एकटेच वारस. खाता, म्हणजे घर कुणाचं त्याची पालिकेतली नोंद, परस्पर आपल्या नावावर करून घेतला. बापाचा जीव अडकला की सुटला याची चौकशी त्यांनी केली नसावी.

दहाव्या महिन्यात तुंगाबाई आजारी नणंदेला बघायला आठ दिवस होसूरला गेल्या, तर त्यांच्या मागोमाग त्यांचं सामान टेम्पोतून तिथे येऊन उतरलं. पलंग, भांडी, अभिराजची कॉलेजची पुस्तकं, आणि सगळ्यात वर वडिलांचं बेडपॅन. टेम्पोबरोबर श्रीधररावांचा मुलगा विनोदकुमार आला होता. तेव्हा तिशीही न गाठलेला. त्याने सामान नीट मोजून उतरवून दिलं, आत्याच्या पाया पडला आणि एक अक्षर न बोलता परत गेला. ते बेडपॅन मुद्दाम पाठवलं होतं, की हमालाच्या हाताला लागलं म्हणून आलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तुंगाबाईंनी मुद्दाम धरलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुंगाबाई चढल्या. अकरा वर्षं खालच्या कोर्टात गेली. शेवटी निकाल लागला की घर दोघांचं, निम्मं-निम्मं. कोर्टाच्या कमिशनरने टेप लावून घर मोजलं, आणि वरचा मजला जिन्यासकट तुंगाबाईंच्या वाट्याला आला. त्यांनी अख्ख्या लेआउटला मैसूरपाक वाटला. डबा अजून निम्मा शिल्लक होता तेव्हा बातमी आली की श्रीधररावांनी हायकोर्टात अपील केलंय आणि स्टे मिळवलाय. पुढील आदेश होईपर्यंत निकालाची अंमलबजावणी थांबवावी, बस्स. अकरा वर्षांचा निकाल दोन ओळींनी जागच्या जागी थिजला.

तो स्टे उठवावा म्हणून तुंगाबाईंनी अर्ज केला. तो चौदा वेळा बोर्डावर आला आणि चौदा वेळा पुढे गेला. कधी जज्ज बदलले, कधी वेळ संपला. श्रीधररावांचे वकील बिंदुमाधव यांची कंबर तर नेमकी तारखेच्या आदल्या दिवशी धरायची. प्रत्येक वेळी तुंगाबाई देवनहळ्ळीहून बस पकडून हायकोर्टात यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या, आणि दातओठ खात परत जायच्या. एकदा लिफ्टपाशी श्रीधरराव भेटले. काठी टेकत उभे होते. बहिणीकडे बघून म्हणाले, "कशाला दगदग करून घेतेस तुंगी? मी असेतो काय तो जिना तुला दिसायचा नाही." आणि हसले. त्या हसण्यावर तुंगाबाई पुढची दोन वर्षं जगल्या.

नव्वदाचा आकडा त्यांना त्यांच्या वकीलबाईंनी, कस्तुरींनी सांगितला होता. हार्ट अटॅकच्या वेळी तुंगाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, की समजा, अण्णा गेलाच, तर? कस्तुरी म्हणाल्या, "अपील करणारा गेला तर नव्वद दिवसांत त्याच्या वारसांनी कोर्टात अर्ज करून आपली नावं लावून घ्यायची, अक्का. शपथपत्र करायचं, सही करायची. नाही केलं तर अपील आपोआप पडतं. अपील पडलं की स्टे पण गेला. पण असं कोण विसरतंय? मेलेल्याच्या दहाव्याला वकिलाचा फोन येतो."

विसरणार नाही हे तुंगाबाईंनाही कळत होतं. म्हणून त्यांनी विसरण्यावर भरवसा ठेवला नाही.

तेराव्याला जयनगरच्या घरी पन्नासेक माणसं जेवून उठली. श्रीधररावांच्या चांगुलपणाच्या गोष्टी चालल्या होत्या. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. तुंगाबाई सगळं ऐकत कोपऱ्यात बसून राहिल्या आणि पांगापांग झाल्यावर विनोदकुमारला जवळ बोलावलं. तो आता पंचेचाळिशीचा होता; आई आधीच गेलेली, वारस तो एकटाच. इंदिरानगरच्या एका विमा ऑफिसात काम करायचा. डोकं भादरलेलं, चेहरा सुजलेला.

"विनू, आपल्या घरची चाल ठाऊक आहे की नाही तुला?"

"कुठली, अत्ते?"

"वर्षाच्या आत शपथ नाही, सही नाही, कोर्ट नाही. बाबांच्या वेळी तुझ्या अप्पांनी याच हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. आता घरात मोठी म्हणून मीच उरले, तर मला सांगायला पाहिजे की."

विनोदकुमारने त्यांच्याकडे पाहिलं. "मग केसचं काय करायचं?"

"केस काय पळून जाते का रे? चार वर्षं झोपलीच आहे. वर्षश्राद्ध होऊ दे. मग तू आणि मी बसून बघू."

"सरी, अत्ते," तो म्हणाला, म्हणजे बरं.

एवढंच. तुंगाबाईंनी त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला केसांचे खुंट टोचले. काट्याने काटा काढायचा म्हणतात, पण त्यांनी तर त्याच झाडाचा, त्याच फांदीचा काटा घेतला होता, आणि परतीच्या वाटेवर त्यांना इतकं हलकं वाटलं की अभिराजला गाडी थांबवायला सांगून त्यांनी फिल्टर कॉफी प्यायली.

बाहेरच्या माणसाला हसू येईल, की ज्याच्याशी कोर्टात भांडण त्यालाच जाऊन विचारायचं का, आता आम्ही कसं वागायचं? पण या घराण्यांत असंच चालतं. कोर्टात एकमेकांना खोटारडे म्हणायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच घरी सत्यनारायणाला जाऊन शिरा खायचा. सोळा वर्षं दोन्ही घरांचं बारसं, मुंज, हळदीकुंकू काही चुकलं नव्हतं. सोयरसुतकात कुणाचा सल्ला घ्यायचा तर घरातल्या थोरल्या माणसाचा, आणि थोरलं माणूस आता एकच होतं. ते वादी होतं, एवढाच काय तो घोटाळा.

तुंगाबाई दर महिन्याच्या श्राद्धाला न चुकता जयनगरला जाऊ लागल्या. वडे तळायला बसायच्या, पिंडाचा भात स्वतः शिजवायच्या. फेब्रुवारीत विनोदकुमारने आपणहून सांगितलं की बिंदुमाधवांच्या ऑफिसातून फोन आला होता, सहीला बोलावत होते, मी वर्षानंतर येतो म्हणालो. मार्चमध्ये म्हणाला की आता चिठ्ठी आली. तुंगाबाई "असं होय?" म्हणून कढईत वडा सोडायच्या. तीस वर्षं त्यांनी लोकांचे फोन जोडले होते. पलीकडचा माणूस खरं बोलतो की थापा मारतो हे आवाजावरून ओळखतो, असा त्यांना अभिमान. विनूच्या आवाजात त्यांना भोळेपणा ऐकू आला. बापाचा पीळ याच्यात उतरला नाही, त्या मनात म्हणाल्या. मांजर डोळे मिटून दूध पितं. इथे तर मांजराला वाटत होतं की जगानेच डोळे मिटले आहेत.

एप्रिलच्या दहा तारखेला तो स्वतः देवनहळ्ळीला आला. ऑफिसातून रजा काढून, विमानतळाच्या बसने, भर उन्हात. अभिराज कामावर होता. तुंगाबाईंनी पाणी दिलं. त्याने पाणी प्यायलं, खिशातून मोबाइल काढला आणि वकिलांचा मेसेज त्यांच्यासमोर धरला. बिंदुमाधवांनी स्पष्ट लिहिलं होतं: एकवीस तारखेच्या आत शपथपत्रावर सही झाली नाही तर अपील बाद होईल आणि स्टे उठेल, मग मला दोष देऊ नका.

चष्मा पुसायच्या निमित्ताने तुंगाबाईंनी थोडा वेळ काढला.

"काय करू अत्ते?" त्याने विचारलं.

"वकिलांचं काय रे, त्यांना तारखा हव्यात. तारीख नसली तर त्यांची चूल कशी पेटायची?"

"पण हे म्हणतात, सगळं जाईल."

"मग तुझ्या अप्पांपेक्षा वकील मोठे झाले का? तीन महिने झाले नाहीत अजून. त्यांचा जीव इथेच आहे, आणि तू शपथ घेणार, कोर्टात उभा राहणार?" बोलता बोलता त्यांचा आवाज खरोखरच भरून आला, आणि तो का भरून आला हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "वर्ष होऊ दे विनू. पुढचं पुढे."

मोबाइलचा पडदा काळा झाला तरी त्याने तो हातातच धरला होता. "तुम्हाला नक्की असंच वाटतं ना, अत्ते?"

खरं म्हणजे त्या क्षणी एक वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन गेलं. जा बाबा, सही करून टाक. पोरगा उन्हातून आला होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि बापाइतका तो वाईट नव्हता. पण तेवढ्यात त्यांना टेम्पो दिसला. पलंग, भांडी, पुस्तकं, आणि सगळ्यात वर ते. याच पोराने ते उचलून होसूरच्या ओट्यावर ठेवलं होतं.

"नक्की," त्या म्हणाल्या.

"सरी." त्याने मोबाइल खिशात टाकला. तुंगाबाईंनी त्याला आग्रह करकरून जेवायला वाढलं, चित्रान्न, वर दही. तो दोनदा मागून जेवला, पाया पडला आणि तीनच्या बसने गेला.

एकवीस तारीख आली आणि गेली. बावीसला सकाळी तुंगाबाई कस्तुरींच्या ऑफिसात हजर. कस्तुरींनी कॉम्प्युटरवर बघितलं, अर्ज नाही. पुन्हा बघितलं, तरीही नाही. "चमत्कारच म्हणायचा," त्या म्हणाल्या. "बिंदुमाधवांसारखा माणूस गप्प कसा बसला?" तुंगाबाईंना राहवेना. त्यांनी तेराव्यापासूनची सगळी हकीकत सांगून टाकली, रंगवून, वड्यांसकट. टाळी मिळेल असं त्यांना वाटलं होतं. कस्तुरींनी टेबलावरचे कागद सारखे केले आणि म्हणाल्या, "हे मला सांगायला नको होतं, अक्का."

"का? बेकायदा आहे का?"

"बेकायदा नाही. पण सांगायला नको होतं."

कस्तुरींनी आणखी साठ दिवस थांबवलं, कारण उशीर माफ करा म्हणून यायला वारसांना कायद्याने तेवढी मुभा होती. कोणी आलं नाही. जूनच्या अखेरीस हायकोर्टाने अपील पडल्याची नोंद केली, आणि त्याबरोबर चार वर्षांचा स्टे पिकल्या पानासारखा गळून पडला. खालच्या कोर्टातून ताब्याचं वॉरंट निघायला ऑगस्ट उजाडला. त्यात लिहिलं होतं की अमीनने, म्हणजे कोर्टाच्या बेलिफाने, जागेवर जाऊन वरच्या मजल्याचा ताबा वादीला द्यावा; विरोध झाल्यास कुलूप फोडण्याची मुभा आहे. कुलूप फोडण्याचं ते वाक्य तुंगाबाईंनी इतक्या वेळा वाचलं की सून म्हणाली, "अत्ते, पाठ झालं असेल की एव्हाना."

पण त्यांना भय होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आयत्या वेळी विनू जागा होईल, बिंदुमाधव धावत येतील, नवा स्टे येईल. तसं झालं तर लढायची त्यांची तयारी होती. खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी इच्छाच होती. श्रीधर बघायला नव्हता. निदान त्याच्या मुलाने दारात आडवं व्हावं, आरडाओरडा करावा, आणि आपण त्याच्या अंगावरून पलीकडे जावं. सोळा वर्षांची भूक काहीतरी खाल्ल्याशिवाय कशी भागणार होती?

बुधवारी सकाळी दहा वाजता अमीन जयनगरच्या फाटकात उभे राहिले. प्रतापराव त्यांचं नाव, तेही आपल्यातलेच, त्यामुळे बोलणं मराठीत झालं. बरोबर हातोडा आणि छिन्नी घेऊन कुलूपवाला होता. समोरच्या घरातल्या बायका गॅलरीत आल्या होत्या. तुंगाबाई जरीकाठाची साडी नेसून आल्या होत्या.

दार वाजवण्याआधीच विनोदकुमार बाहेर आला. डोक्यावर आता केस आले होते. हातात एक किल्ली होती.

"या अत्ते," तो म्हणाला. "या की, अमीनसाहेब. जिन्याची किल्ली काढून ठेवलीय. काल वरचं झाडून पण घेतलं."

तुंगाबाई जागच्या हलल्या नाहीत. "नोटीस कधी आली तुला?"

"झाला आठवडा."

"मग अडवायला गेला नाहीस?"

"आता कशाला जाऊ? जायचं असतं तर एप्रिलमध्येच गेलो असतो की."

विनोदकुमारच्या बोलण्यात राग नव्हता. विमा ऑफिसात समोरच्याला फॉर्म समजावून सांगावा तसं तो सांगत होता.

"वकिलांनी तीनदा कळवलं होतं अत्ते. मला कळत होतं काय होणार ते. अप्पा आस्पत्रेत म्हणाले, मी असेतो तुंगीला जिना चढू देणार नाही. मी गेल्यावर तू अडवू नको, जाऊ दे तिला वर. पण अप्पांचं अपील माझ्या हाताने मागे घ्यायला मन होईना. तेवढ्यात तुम्हीच तेराव्याला वाट काढून दिलीत. सही न करता झालं सगळं."

"मग देवनहळ्ळीला कशाला आला होतास?" तुंगाबाईंचा आवाज चिरका झाला. "काय करू, काय करू म्हणून मला विचारायला?"

विनोदकुमारने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही सांगाल असं स्वल्प वाटलं होतं. की विनू, फसतोयस तू, सही कर, मग आपण दोघं बसून मिटवू. मी तिथेच तुम्हाला अप्पांचं सांगणार होतो. तुम्ही नाही सांगितलंत. असू दे."

आणि त्याने किल्ली पुढे केली.

समोरच्या गॅलरीतली एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. तुंगाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण लाजेच्या कितीतरी वर संताप चढला. जाऊ दे तिला वर! म्हणजे आजसुद्धा त्याच्याच परवानगीने? अकरा वर्षं, चार वर्षं, चौदा तारखा, आणि शेवटी काय, तर त्याने आस्पत्रेत पडल्या पडल्या मान हलवली म्हणून दार उघडतंय. जळून राख झाला तरी वरचढच राहिला मेला.

"किल्ली नको मला," त्या म्हणाल्या. "कुलूप फोडा."

अमीन चपापले. "बाई, ते स्वतः किल्ली देतायत की."

"वॉरंटात फोडायची मुभा आहे ना?"

"आहे, पण विरोध झाला तर."

"फोडा म्हणते ना मी!"

प्रतापरावांनी विनोदकुमारकडे पाहिलं. त्याने किल्ली मुठीत मिटली आणि बाजूला सरला. जिना घराच्या डाव्या अंगाने होता. त्याच्या दाराचं कुलूप जुनं, पितळी, पोटात दम असलेलं. कुलूपवाल्याला ते एक-दोन घावांत जाईल असं वाटलं होतं, पण ते दहा झाले तरी हलेना. प्रत्येक घावाबरोबर खिडक्यांची तावदानं थरथरत होती. गॅलऱ्यांमधली माणसं वाढली. तुंगाबाई साडीचा पदर मुठीत आवळून घाव मोजत होत्या, आणि एकाही घावाने त्यांना बरं वाटेना. सतराव्याला कडी निखळली आणि कुलूप खालच्या फरशीवर आपटलं.

अमीनने व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून पंचनामा लिहायला घेतला. सवयीने लिहीत गेले आणि एका ओळीवर येऊन पेन थांबलं. "आता इथे काय लिहू? प्रतिवादीने राजीखुशीने किल्ली देऊ केली असं लिहिलं तर मग कुलूप का फोडलं म्हणून साहेब मलाच विचारतील."

"विरोध झाला असं लिहा," तुंगाबाई म्हणाल्या.

"पण झाला नाही की हो."

"झाला!" त्या ओरडल्या. "सोळा वर्षं झाला! लिहा तुम्ही!"

प्रतापराव ओशाळून पेन फिरवत बसले. खोटं लिहायचं तर दुसऱ्या बाजूने तक्रार केली म्हणजे त्यांची नोकरी जायची. तेवढ्यात विनोदकुमार पुढे आला आणि खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"लिहा साहेब," तो म्हणाला. "मी विरोध केला. दारात उभा राहिलो, किल्ली देत नाही म्हणालो. त्यामुळे कुलूप फोडून ताबा द्यावा लागला. माझी तक्रार नाही."

अमीनने एकदा त्याच्याकडे, एकदा तुंगाबाईंकडे बघितलं आणि भराभर लिहून टाकलं. कागद पुढे सरकवला. विनोदकुमारने खिशातून पेन काढलं, पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मग कागद फिरवून तुंगाबाईंसमोर धरला आणि सहीची जागा बोटाने दाखवली.

तुंगाबाईंनी सही केली. त्या क्षणी त्यांना विनूच्या एक सणसणीत थोबाडीत द्यावीशी वाटली. निदान भांडण तरी आपलं राहील असं त्यांना वाटलं होतं, आणि तेही या पोराने उकिडवं बसून, विनातक्रार, त्यांच्या हातात देऊन टाकलं होतं. त्याच्याकडून हिसकावून घ्यावं असं आता काहीच उरलं नव्हतं.

"वर जाऊन एकदा बघून घेता का बाई?" अमीनने कागद पिशवीत घालत विचारलं. "म्हणजे ताबा पुरा झाला."

"बघते," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

विनोदकुमारने पेन खिशाला लावलं. दर वेळी निघताना तो वाकून पाया पडायचा. आज तो वाकला नाही. आत गेला आणि खालच्या मजल्याचं दार त्याने, आवाज न करता, आतून लावून घेतलं.